धनूची ओटी

ब्राह्मणपुरी, श्रावण शुद्ध अष्टमी, सन १९३७

सगळ्यात आधी कोण आलं म्हणशील, तर म्हसावदची विहीणबाई. अजून अंगणातला सडा वाळला नव्हता, मी चुलीपुढून उठले नव्हते, आणि दारात गाडी. चार वर्षं जिने आपल्या धनूला घालून पाडून बोलायचं सोडलं नाही, गेल्या दिवाळीत लेकासाठी, नवलसाठी, दुसरी सून बघायला कहाटूळपर्यंत जाऊन आली, तीच बाई पाच नारळ आणि हिरवं लुगडं घेऊन उतरली. उतरता उतरता विचारते, "आम्हनी सून कोठे शे?" आम्हनी सून म्हणे.  मी तिला डुगडुगणारा पाट दिला.

सिंधू, अकरा वर्षांनी आईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. म्हणजे तुझे बाबा गेले, ते तुला तुझ्या भावाने, गिरधरने, कळवलंच असेल, नसेल कळवलं तर आता कळलं, गेल्या माघात गेले. तुझी दर दिवाळीची कार्डं ते फाडत. शेवटचं एक मी तांदळाच्या डब्यात लपवलं होतं, त्यावरचा पत्ता बघून लिहिते आहे. माझं शिक्षण दुसऱ्या बुकापर्यंतचं, तुला माहीत आहे. काना मात्रा तू लावून घे.

तर बातमी अशी की तू आजी होणार आणि मी पणजी. काल धनूची सातव्या महिन्याची ओटी भरली. सात वर्षांची पोर तू माझ्या पदरात टाकून तापी ओलांडून गेलीस, दवाखान्यात शिकायला, ती आता अठराची झाली. विधवा बाईने परक्यांचे मळ धुवायला जायचं, हे तुझ्या बाबांना पटलं नाही. मला पटलं की नाही ते कुणी विचारलं नाही. जाऊ दे. आज आनंदाचं लिहायचं.

विहिणीनंतर पाटलांच्या घरच्या आल्या, मग सगळी गल्ली. मी वरण-बट्टी केली, पुरण घातलं, तूप हात न आखडता वाढलं. धनूला हिरवं लुगडं नेसवलं तर निऱ्या पुढे पुरेनात, पोट इतकं मोठं. शहाद्याची सुईण बोलावली आहे, चांगली नावाजलेली. ती म्हणाली जुळं आहे. उजवीकडे वर बरगड्यांपाशी एक आणि खाली एक. विहीणबाईंनी तिथल्या तिथे तिला चोळखण दिला.

पोरगी थोडी सुकली आहे. हातपाय काड्यांसारखे झालेत, दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणते. उताणं निजवत नाही तिला, भिंतीला टेकून झोपते आणि खोकते. मी म्हणते, जुळ्यांना खायला लागतं, ते आईचं मांस खातात. पाटाच्या कडेला हात धरून बसली होती काल, डोळे मोठे मोठे. सगळ्या बायका म्हणाल्या तेज आलंय.

वैशाखात आखाजीला माहेरी आणली ती मी परत पाठवलीच नाही. बाळंतपण इथेच. तू आशीर्वाद लिहून पाठव, मी तिला वाचून दाखवीन. गिरधरला सांगितलेलं नाही की मी तुला लिहिते आहे.

तुझी आई.


ब्राह्मणपुरी, श्रावण वद्य तृतीया

तुझं पत्र पाचव्या दिवशी आलं, पोस्टमन वाचून दाखवू का म्हणाला, मी म्हटलं माझं मी वाचीन. त्यात आशीर्वाद एक ओळ आणि प्रश्न अकरा. अगं, आईला पत्र लिहितेस की फौजदारासारखी जबानी घेतेस?

तरी उत्तरं देते.

पोर हलतं का, असं विचारलंस. हलतं. म्हणजे लाथ मारत नाही, पण सुईण एका बाजूला टिचकी मारते आणि दुसऱ्या बाजूला तळहात ठेवायला सांगते, की आत थरथर होते. मीही हात ठेवून बघितला. हंड्यातलं पाणी गाडीत जसं हिंदकळतं तसं. जुळी एकमेकांना ढकलतात, असं ती म्हणाली.

महिने किती, तर सात. आखाजीला आली तेव्हा पोट पाच महिन्यांचं दिसत होतं, पण मी विहिणीला चारच सांगितले. थोडे कमी सांगितलेले बरे, दृष्ट लागत नाही. तू हिशोब करत बसू नकोस. तुझ्या वेळी माझेही महिने चुकले होते.

ती बाजूला बसते का, असं विचारलंस. अशा गोष्टी पत्रात लिहीत नाहीत.

अंगावर पित्त उठतं का, हे तुला कसं कळलं? उठतं. सुईण एरंडेल गरम करून पोट चोळते, पोरांची डोकी खाली यावीत म्हणून, दिवसाआड. चोळून झालं की धनूच्या अंगावर लाल चट्टे उठतात, मांड्यांवर, गळ्यावर, आणि खाजतं. मी कोकमाचं पाणी लावते. संध्याकाळपर्यंत जातं. तू लिहिलंस की पोट अजिबात दाबू देऊ नकोस, चोळू देऊ नकोस, आणि खाली दोन रेघा मारल्यास. मी दोन वेळा सुईणीला परत पाठवलं. तिसऱ्या वेळी विहीणबाईंनी म्हसावदहून तेलाची बाटली पाठवली, आता नाही कसं म्हणू?

लहानपणी धनूला काही आजार झाला होता का, तेही विचारलंस. नाही. तू गेलीस त्या साली रडून रडून ताप आला होता तेवढाच. पोरगी रात्री उठून दारापाशी जाऊन बसे. मग हिवाळ्यात आपल्या शेतात वाहरू ठेलारीच्या मेंढ्या बसल्या खतासाठी, दरवर्षी बसतात तशा. वाहरूने तिला कुत्रीचं पिल्लू दिलं, काबरी नाव ठेवलं तिचं. त्या दिवसापासून रडणं थांबलं. एका गोधडीत निजायच्या दोघी, एका ताटलीत खायच्या. मी ओरडले तर ताटली लपवून न्यायची. वाहरू मेंढी कापायचा तेव्हा काबरी तिकडे आतडी-काळजं खाऊन यायची आणि हिचं तोंड चाटायची. पाच वर्षं जगली काबरी. तू आठवण काढलीस म्हणून लिहिलं, तसं यात काही नाही.

बारशाला काय काय लागेल त्याची मी यादी केली आहे. दोन पाळणे लागतील. एक आपला आहे, ज्यात तू होतीस.

तुझी आई.


पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

सिंधू, हे पत्र मी ओट्यावर बसून लिहिते आहे, आत धनू निजली आहे. निजली आहे हे मी मधून मधून जाऊन बघून येते.

काल बैल रंगवले, गिरधरने या वर्षी शिंगांना हिंगूळ आणला, फार छान दिसत होते. गल्लीतल्या सगळ्यांत आपलीच जोडी उठून दिसली. पुरण शिजत होतं. तेवढ्यात सुईण आली. मी म्हटलं आज सण, आज नको. ती म्हणाली आठवा लागला, डोकी अजून वरच आहेत, आज नीट दाबून खाली आणते. मी पुरण ढवळत होते. हे तुला सांगितलंच पाहिजे की मी पुरण ढवळत होते आणि उठले नाही.

धनू एकदाच ओरडली. मी गेले तर तिच्या अंगावर पित्त उठत होतं, बघता बघता, पाण्यावर थेंब पडावेत तसं, छातीवर, तोंडावर, पापण्या सुजून डोळे मिटले. ओठ जांभळे झाले. श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. मग मान टाकली. सुईण तेलाची वाटी तिथेच टाकून मागच्या दाराने गेली ती अजून आलेली नाही.

मला काही सुचेना. मी भुरीबाईला हाक मारली. तुला भुरीबाई आठवते ना, धडगावकडची, आपल्या शेतात कामाला असते ती. तिनेच तुझी सुटका केली होती, धनू तिच्याच हातात पडली. तिने धनूला कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी काढलं, पाय वर घेतले आणि पोटाला कुणाला हात लावू दिला नाही. दिवे लागायच्या वेळेला धनूने डोळे उघडले. म्हणाली, मोठी माय, पोळ्या जळल्या का?

आता जे लिहिते ते गिरधरलाही ठाऊक नाही. आखाजीनंतर आठ दिवसांनी मी भुरीबाईलाच आधी बोलावलं होतं. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले, बराच वेळ ठेवले, मग कान लावला. मग मला बाहेर घेऊन म्हणाली, "माय, हातले पोर लागत नही. पानी लागस." मी तिला म्हटलं, तुमच्या डोंगरात तसं असेल, आमच्यात नसतं. आणि शहाद्याची सुईण आणवली. भुरीबाई त्यानंतर आमच्या अंगणात आली नाही. शेतातून यायची, शेतातून जायची. काल एका हाकेला आली.

तू लिहिलं होतंस की कुणी चांगली बाई पाठवते बघायला. पाठव. तू येऊ नकोस, गिरधर बाबांचं धरून बसला आहे. पण बाई पाठव. लवकर पाठव.

पुरणाच्या पोळ्या भुरीबाईला दिल्या. चांगल्या झाल्या होत्या.

आई.


भाद्रपद शुद्ध दशमी, बुधवार

आज सकाळी तुझ्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. मी तर बघतच राहिले. नऊवारी नाही, पाचवारी, पायात बूट, आणि बैलगाडीतून अशी उडी मारली की गिरधर बाजूला सरला. बरोबर कंपाउंडर पेटी घेऊन. मला वाटलं होतं कडक असतील. पण चहा प्यायल्या, दुसरा कप मागितला, आणि तुझं नाव निघालं की तुझ्याबद्दलच बोलत राहिल्या. तू मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उभी असतेस म्हणे, कापाकापी चालू असताना, आणि त्यांनी हात पुढे करायच्या आत तुला कळतं काय द्यायचं ते. मी म्हटलं, लहानपणीही तशीच होती, मी मागायच्या आत पळी हातात द्यायची. फार बरं वाटलं मला. सबंध गल्ली दारात उभी होती, सगळ्यांनी ऐकलं.

मग त्यांनी धनूला बघितलं. सगळ्यांना बाहेर काढलं, मला ठेवलं. नळी लावून पोट ऐकलं, कितीतरी वेळ, चार ठिकाणी. पाठीवर बोटं वाजवली. डावीकडे ढोलकीसारखा आवाज, उजवीकडे भरल्या पोत्यासारखा, छातीच्या अर्ध्यापर्यंत. मग हात धुतले आणि मला विचारलं, घरी कधी कुत्रं होतं का? मेंढ्या होत्या का?

सिंधू, तू आधीच ओळखलं होतंस. तुझे अकरा प्रश्न मला आता कळले.

मी काबरीचं सांगितलं. गोधडीचं, ताटलीचं. त्या मान हलवत होत्या, रागाने नाही. म्हणाल्या, मेंढीच्या काळजातला किडा कुत्र्यात जातो, कुत्र्याच्या तोंडातून पोरीच्या पोटात. काळजाला, त्या यकृत म्हणाल्या, चिकटतो आणि तिथे पाण्याची पिशवी धरतो. वर्षाला थोडी थोडी वाढते. धनूची कोहळ्याएवढी झाली आहे, तिने काळीज वर ढकललं आहे आणि फुप्फुस दाबलं आहे, म्हणून खोकला. दवाखान्यात फोटो काढून पक्कं करू, पण पोर नाही. मी विचारलं, एखादं तरी? त्या म्हणाल्या, एकही नाही, आजी.

मी चुलीपाशी जाऊन आले.

मग त्यांनी कापण्याचं सांगितलं. औषधाने जात नाही, कापावंच लागतं. मोठे डॉक्टर पोट उघडून आधी पिशवीभोवती चारी बाजूंनी ओली कापडं खोचतात. मग सुईने पाणी ओढतात. त्यातला थेंबही आत सांडू द्यायचा नाही, सांडला तर पोळ्याच्या दिवशी झालं तसं होतं आणि तेव्हा मागे फिरवता येत नाही. पोळ्याला पिशवी नुसती पाझरली होती. मग आतला पापुद्रा काढतात, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पांढरा, आख्खा. असले रोगी आमच्याकडे वर्षादोन वर्षांनी एखादा येतो, म्हणाल्या. आतापर्यंत चार कापले. तिघं चालत घरी गेले. चौथ्याचं मी विचारलं नाही.

आणि नाही कापलं तर? त्यांनी पेटी बंद केली. म्हणाल्या, गाडीचा एक धक्का, एक उबळ, कुणाचा एक हात. केव्हा ते सांगता येत नाही.

गिरधरला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ओटी भरली आहे. डॉक्टरीणबाईंना कळेना. मी सांगितलं की आपल्यात ओटी भरलेली बाई तापी ओलांडत नाही, बाळंत होईपर्यंत. नदीला भरली ओटी दिसली की ती मागते. दवाखाना तर पलीकडे. त्या म्हणाल्या, पण पोटात मूलच नाही. गिरधर म्हणाला, ओटी तर आहे ना, सगळ्या गावाने भरली, नारळ ठेवले. तिच्या सासूने हो म्हटलं तर बघू. आता ती सासरची.

डॉक्टरीणबाई त्याच्याशी भांडल्या नाहीत. मला म्हणाल्या, नदीला पाणी आहे, मी दवाखान्याची डोली आणि माणसं घेऊन मंगळवारी येते, सारंगखेड्याच्या नावेने. तोपर्यंत पोटाला कुणाचाही हात नको. तुम्ही घरचं बघा.

सिंधू, आता तुला लिहिते ते. धनू आखाजीनंतर दोनदा बाजूला बसली होती. मी तिला मागच्या खोलीत ठेवलं, पाणी मी भरलं, कपडे मी पहाटे नदीवर जाऊन धुतले, आणि गल्लीत सांगितलं की पोरीला उलट्या होतात. दोनदा. मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. विहीण कहाटूळची सोयरीक जवळजवळ ठरवून आली होती. आखाजीला धनूला सोडायला तीच आली होती, धनू गाडीतून उतरली आणि पदर सरकला, तर तिने ते पोट बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. धनूला तिने हात धरून ओट्यावर बसवलं, चार वर्षांत पहिल्यांदा. धनू माझ्याकडे बघून हसली गं. ते हसू मला मोडायचं नव्हतं. म्हणून भुरीबाईला हाकललं, म्हणून महिने कमी सांगितले, म्हणून पुरण ढवळत बसले.

पाळणा मी परत माळ्यावर ठेवलेला नाही अजून. तो खालीच आहे.

आई.


भाद्रपद शुद्ध द्वादशी, शुक्रवार

हे पत्र करमसिंग घेऊन येतो आहे, भुरीबाईचा नवरा. तो आज नाव धरेल, दोंडाईच्याहून पुढे मिळेल त्या मोटारीने येईल. उद्या दिवस मावळायच्या आत तुझ्या हातात पडेल. त्याला जेवू घाल. तो मागणार नाही. आणि वांग्याची भाजी नको, त्याला चालत नाही.

काल विहीणबाई आली, नवलला घेऊन. कुणीतरी डॉक्टरीणबाईंची बातमी पोचवली होती. या वेळी पाट नीट दिला मी.

मी सगळं सांगितलं. पिशवीचं सांगितलं, कुत्रीचं सांगितलं, तिघं चालत गेले ते सांगितलं. ती ऐकत होती आणि सुपारी कातरत होती. मग म्हणाली, "ओटी भराई गयी. आते तापी वलांडानी नही." शिवाय डॉक्टरणी पैशासाठी बायांना कापतात, जुळ्यांना दिवस जास्त लागतात, सुईण घाबरट निघाली, म्हसावदची सुईण तिच्यापेक्षा चांगली, तिने हात आत घालून आडवं पोर फिरवलं आहे. हे ऐकलं आणि मी हातातला तांब्या खाली ठेवला.

मी आत गेले. ओटीचं सामान मी धनूच्या पेटीत ठेवलं होतं, तांदूळ, हळकुंड, खण, पाच नारळ, सगळं बाळंत झाल्यावर देवीला न्यायचं असतं ते. ते सगळं मी धनूच्या पदरात घातलं, होतं तसं. तिला हाताला धरून ओट्यावर आणली. तोवर गल्लीतल्या बायका जमल्याच होत्या. मी धनूपुढे माझा पदर पसरला आणि तिला म्हटलं, घाल यात. तिला कळेना. मी तिच्या पदराचं टोक धरून उलटं केलं. तांदूळ माझ्या पदरात आले, एक नारळ घरंगळत विहिणीच्या पायापाशी गेला.

मी म्हटलं, ही ओटी खोटी भरली. पोरगी दोनदा बाजूला बसली ते मी लपवलं. धनूला माहीत नव्हतं, मी तिला सांगितलं होतं की असं होतं कधी कधी. दोष माझा, तांदूळ माझ्या पदरात. आता हिच्या पदरात काही नाही. नदीला मागायला काही राहिलं नाही.

असं आजवर कुणी केलेलं नाही, सिंधू. असा विधीच नाही. पण ओटी भरता येते तर काढताही येत असेल, असं मला त्या वेळी वाटलं.  पाटलांच्या म्हातारीने विहिणीच्या पायापाशी पडलेला नारळ उचलला आणि माझ्या पदरात घातला.

धनू रडली नाही. तिने नुसतं विचारलं, मग हे काय आहे पोटात? मी म्हटलं, काबरीने दिलेलं आहे. ती म्हणाली, काबरीने मुद्दाम नसेल दिलं. मी म्हटलं, नाही गं, मुद्दाम कुणीच नाही दिलं.

नवल खांबाला टेकून उभा होता. त्याने धनूकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि बैल जुंपायला गेला. पोरगा वाईट नाही. पण बैलच जुंपायला गेला.

विहीणबाई गाडीत बसल्यावर बोलली. म्हणाली, तू म्हातारपणी खुळावलीस, पोटातलं लेकरू कापायला निघालीस. पितृपक्ष लागायच्या आत मी माझी सून घेऊन जाते, चार माणसं आणि सुईण घेऊन येते, बघते कोण आडवं येतं. मी गिरधरकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीकडे बघत होता. तिने नेली तर कुणी काही म्हणू शकत नाही, तिचीच सून आहे. गाडीत घालून म्हसावदपर्यंत आठ कोस, ते रस्ते, आणि तिथे ती हात आत घालणारी. सुईणीच्या एका हाताने पोळ्याला काय झालं ते मी बघितलं आहे.

डॉक्टरीणबाई तर मंगळवारी येणार.

म्हणून असं ठरवलं आहे, नीट वाच. परवा रविवारी पहाटे मी धनूला घेऊन निघते. गाडी भुरीबाई हाकेल, ती म्हणते बैलांना तिचा आवाज ठाऊक आहे, ती त्यांना पावलावर चालवील. मोठा रस्ता तेवढा टाळायचा, त्यावर मोटारी आल्या की बैल बुजतात. गाडीत दोन हात कडबा, त्यावर गोधड्या, त्यावर धनू कुशीवर. वाटेत कुठे थांबायचं नाही. दुपारपर्यंत सारंगखेड्याच्या काठावर. तिथे नावाड्यांच्या झोपड्या आहेत. रविवारीच नाव मिळाली तर रविवारी, नाही तर तिथेच बसून राहू. तू करमसिंगबरोबर ये. डॉक्टरीणबाईंना सांग, मंगळवारपर्यंत थांबू नका, डोली रविवारी पलीकडच्या काठावर हवी.

तू ये, असं मी लिहिलं आहे. तुझ्या बाबांनी तुला इकडे यायला बंदी केली होती, काठापर्यंत यायला केलेली नव्हती. आणि केली असली तरी ओटी मी परवानगी न घेता काढली, हीही काढते.

गिरधरला मी काही सांगितलेलं नाही. पण आज दुपारी जेवताना तो आपणहून म्हणाला, "रविवारले मी बजारले जास. पायी जास. गाडी मले नको." एवढं बोलून ताक प्यायला. मघाशी बघितलं तर गोठ्यापाशी चाकांना वंगण घालत होता आणि कडब्याच्या पेंढ्या सोडून गाडीत अंथरत होता. मी हाक मारली नाही.

धनूला आज सकाळपासून पुन्हा थोडं पित्त आहे. गळ्यापाशी. कुणी हात लावलेला नाही. खोकला आला की ती दोन्ही हातांनी पोट धरते आणि मी तिचे हात धरते. तिने मला विचारलं, "मोठी माय, मन्ही माय त्या काठले ऱ्हाई का?" मी हो म्हणून टाकलं आहे. तेव्हा तू आहेसच.

तू ओळखशील तिला. तुझ्यासारखंच कपाळ आहे. तिला मात्र तुझा चेहरा आठवत नाही, आवाज आठवतो म्हणते. काठावर उभी राहशील तेव्हा हाक मार, पाण्यावरून आवाज चांगला जातो. मला तर आत्तापासून झोप येणार नाही आनंदाने, आणि दुसऱ्याही कारणाने.

पाळणा माळ्यावर ठेवला. मोडला नाही, ठेवला.

करमसिंग उभा आहे, घाई करतो आहे. रविवार चुकवू नकोस. विहीणबाई सोमवारी सकाळी येते म्हणून गेली आहे.

तुझी आई.